मोजून निवडलेल्या जागेवरचं पोहिक चर्च

लॉर्टनला राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. भाजी आणायची असो, मुलाला पोहण्याच्या क्लासला सोडायचं असो, रिचमंड हायवेवरून दिवसातून दोनदा तरी जाणं होतंच. हा अमेरिकेचा महामार्ग क्रमांक १. वर मेन राज्यातल्या फोर्ट केंटला सुरू होतो आणि खाली फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्टला संपतो. आमच्या भागात, व्हर्जिनियाच्या उत्तरेला, टेलिग्राफ रोडच्या सिग्नलला गाडी थांबली की झाडांमागे लाल विटांची एक इमारत दिसते. मनोरा नाही, घंटाघर नाही, उतरतं छप्पर आणि खिडक्यांच्या दोन रांगा. कित्येक दिवस मला ते जुनं कोर्ट वाटत होतं. बाहेरची पाटी वाचली तेव्हा कळलं की हे पोहिक चर्च, एपिस्कोपल पंथाचं. तरीही सहा वर्षांत एकदाही आत वळले नव्हते.

यंदा ऑक्टोबरात आई-बाबा आले. बाबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात मोजणीची. रस्त्याने जाताना त्यांचं लक्ष दुकानांकडे कमी आणि बांधांकडे, उतारांकडे, वळणांकडे जास्त असतं. दुसऱ्याच दिवशी त्या सिग्नलला ते म्हणाले, "अगं, ही जागा कुणीतरी नीट बघून निवडलीय. उंचवटा आहे आणि इथे रस्ते येऊन मिळतायत. हे काय आहे?"

मी म्हटलं, "बाबा, चर्च आहे जुनं. वॉशिंग्टन यायचा म्हणतात."

"मग थांबायला नको?"

शनिवारी गेलो. नेमकं आत कुणाचं तरी लग्न लागत होतं. दारातल्या एका वयस्क बाईंनी अगदी गोड शब्दांत सांगितलं की तासा-दीड तासाने या, मी स्वतः दाखवते. म्हणून पहिला सल्ला इथेच देऊन टाकते. हे चालतं-फिरतं चर्च आहे, संग्रहालय नव्हे. शनिवारी लग्नं असतात, रविवारी सकाळी प्रार्थना असतात. निघण्याआधी त्यांच्या कार्यालयात फोन करा, किंवा मधल्या वारी जा. प्रवेशाला पैसे नाहीत, दानपेटी आहे.

पण त्या तासा-दीड तासाचा आम्हाला फायदाच झाला. आत लगेच सोडलं असतं तर बाहेरच्या भिंती आम्ही इतक्या जवळून बघितल्याच नसत्या.

दरवाज्यांच्या चौकटी आणि इमारतीचे कोपरे पिवळट करड्या वालुकाश्माचे आहेत. हा दगड दक्षिणेकडच्या अक्वाया क्रीकच्या खाणीतला. घडवायला मऊ, म्हणून कोरीव कामाला चांगला, पण त्याच मऊपणामुळे त्यावर कुणालाही काहीही कोरता येतं. आणि कोरलेलं आहे. दाराच्या उभ्या दगडांवर, बरोबर माणसाच्या छातीच्या उंचीवर, आद्याक्षरं, नावं, साल. काही अक्षरं चाकूच्या टोकाने घाईत ओरखडलेली आहेत, तर काही इतकी सुबक की कोरणाऱ्याला भरपूर वेळ होता हे कळतं. बाबांनी चष्मा काढून नाक दगडाला लावलं आणि एका अक्षराच्या खाचेत नख घालून पाहिलं. खाच कडेने गोल झाली होती, दीडशेहून जास्त पावसाळे तिच्यावरून गेले होते. "सैनिक," ते म्हणाले. "दुसरं कोण इतका वेळ दारात उभं राहणार?" ते बरोबर होतं, पण तिथे यायच्या आधी जागेची गोष्ट सांगायला हवी. मला या चर्चमधलं सगळ्यात जास्त आवडलेलं तेच आहे.

व्हर्जिनिया ही इंग्लंडची वसाहत होती तेव्हा इथलं अधिकृत चर्च म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड. आपल्या मुंबईतल्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल त्याच चर्चचं. ते १७१८ मध्ये उघडलं आणि चर्चगेटला नाव देऊन गेलं. इथे चर्चच्या कारभारासाठी वसाहतीचे भाग पाडलेले असत, अशा प्रत्येक भागाला पॅरिश म्हणत. पोहिकचा भाग ट्रुरो पॅरिशमध्ये. ही पॅरिश स्थापन झाली १७३२ साली, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माच्याच वर्षी. तिचा कारभार व्हेस्ट्री बघायची. व्हेस्ट्री म्हणजे आपल्या देवस्थानची पंच कमिटी समजा, पण तिच्याकडे सरकारी अधिकारही होते. गरिबांना पोसणं, अनाथ मुलांची सोय लावणं, चर्च बांधणं, पाद्रीचा पगार देणं आणि त्यासाठी लोकांवर कर बसवणं, हे सगळं तिचं काम. कर नाण्यांत क्वचित, बहुतेक तंबाखूत भरायचा. पाद्रीचा पगारसुद्धा कायद्याने ठरलेला, वर्षाला १६,००० पौंड वजनाची तंबाखू.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी पुढचं सांगितलं तेव्हा बाबा एकदम सावरून बसले. दर चार वर्षांनी व्हेस्ट्री माणसं नेमायची आणि ती माणसं शेजाऱ्यांना बरोबर घेऊन प्रत्येकाच्या जमिनीच्या हद्दीवरून चालत जायची. खुणेची झाडं तपासायची, जुन्या खुणा ताज्या करायच्या. मी भाषांतर करायच्या आतच बाबांना कळलं. "शीव फिरणं! अगं, हे आमचंच काम."

तर १७६७ च्या सुमारास ट्रुरो पॅरिशचं जुनं लाकडी चर्च मोडकळीला आलं होतं. ते इथून जेमतेम दोन मैल दक्षिणेला, कोलचेस्टर या तंबाखूच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. नवं बांधायचं ठरलं. जागेवरून वाद झाला. जॉर्ज मेसन हे शेजारच्या गन्स्टन हॉलचे मालक. पुढे १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा यांनीच लिहिला. त्यांचं म्हणणं, चर्च जुन्याच जागी व्हावं. तिथे आपल्या पूर्वजांनी प्रार्थना केली, आपली माणसं तिथे पुरली आहेत. मेसन बोलायला बसले की समोरच्याचं मन हलवायचे, आणि सांगतात की त्या सभेतही मंडळी हलली होती.

वॉशिंग्टन तेव्हा पस्तिशीचा, माउंट व्हर्ननचा जमीनदार आणि १७६२ पासून व्हेस्ट्रीचा सभासद. पण त्याआधी तो मोजणीदार होता. सतराव्या वर्षी, १७४९ मध्ये, कलपेपर काउंटीचा मोजणी अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली होती. इथली पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट अशी, की पुढच्या सभेआधी त्याने पॅरिशची मोजणी केली. प्रत्येक कुटुंबाचं घर कुठे, तिथून कुठला रस्ता निघतो, अंतर किती, सगळं एका कागदावर उतरवलं. मेसन पुन्हा भावनेने बोलले. वॉशिंग्टनने खिशातून तो नकाशा काढून टेबलावर पसरला. जुनी जागा पॅरिशच्या एका कोपऱ्यात पडत होती, नवी जागा मध्यावर, रस्त्यांच्या तिठ्यावर. निकाल नकाशाच्या बाजूने लागला.

ही गोष्ट ऐकताना बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गावकी-भावकीचे किती वाद त्यांनी असे नकाशा पसरून ऐकले असतील. परतताना त्यांनी मला एक हिशेब सांगितला तो इथे लिहून ठेवते, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांना तो ठाऊक नसेल. इंग्रजी मोजणीतली गुंटर साखळी ६६ फुटांची. आपल्याकडची शंकू साखळी तिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची. एक शंकू साखळी लांब आणि तेवढीच रुंद जमीन म्हणजे १,०८९ चौरस फूट, आपला एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. "त्याची साखळी आणि माझी साखळी एकाच घराण्यातली," बाबा म्हणाले.

मेसन हरले, पण रुसून बसले नाहीत. १७६९ मध्ये डॅनियल फ्रेंच नावाच्या कंत्राटदाराला ८७७ पौंडांत काम दिलं. काम चालू असतानाच १७७१ मध्ये फ्रेंच वारला. त्याच्या मृत्युपत्राची व्यवस्था बघायची जबाबदारी मेसन यांच्यावर होती, म्हणून उरलेलं बांधकामही त्यांच्याच अंगावर आलं. ज्या जागेला आपण विरोध केला त्याच जागेवरची इमारत त्यांनी नेटाने पूर्ण करून घेतली, आणि १७७४ मध्ये ती व्हेस्ट्रीच्या ताब्यात दिली. मला हा माणूस या प्रसंगात फार मोठा वाटतो. वॉशिंग्टनचं नाव पाटीवर मोठ्या अक्षरात आहे, असणारच. पण तुम्ही इथे याल तेव्हा मेसनची आठवण जरूर ठेवा.

आणखी एक गोष्ट ठेवा ध्यानात. कर ज्यांच्यावर मोजला जायचा त्यांत सोळा वर्षांवरचे गुलाम स्त्री-पुरुषही धरलेले असत, आणि तो कर भरायला लागणारी तंबाखू पिकवणारे हातही बहुतेक त्यांचेच. वॉशिंग्टन गेला त्या वर्षी, १७९९ मध्ये, माउंट व्हर्ननवर ३१७ माणसं गुलामीत होती. मेसन हक्कांचा जाहीरनामा लिहिणारे, तेही गुलामांचे मालक. या विटांकडे बघताना हे विसरून चालणार नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंनी हे न विचारता सांगितलं, त्याचं मला बरं वाटलं.

लग्नाची मंडळी बाहेर पडली, तांदळाऐवजी हातात छोट्या घंटा वाजवत. मग आम्ही आत गेलो.

आत उजेड. हे पहिलं जाणवतं. रंगीत काचा नाहीत, मेणबत्त्यांची काजळी नाही, मोठ्या साध्या खिडक्यांतून दुपारचं ऊन पांढऱ्या भिंतींवर पडलेलं. वेदी पूर्वेच्या भिंतीला, पण प्रवचनाचा उंच लाकडी मंच लांबीच्या भिंतीच्या मध्यावर, डोक्यावर छत्रीसारखं छत असलेला. त्या काळी ऐकू येणं महत्त्वाचं होतं. वेदीच्या मागे दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना अक्षरांत लिहिलेली, मूर्ती किंवा चित्र नाही. बाकं म्हणजे कमरेएवढ्या भिंतींच्या खोल्याच, प्रत्येकीला छोटं दार. कुटुंबाने आत जायचं, दार लावायचं. हिवाळ्यात वारा अडायचा. या खोल्या विकून व्हेस्ट्रीने बांधकामाचे पैसे उभे केले, आणि वॉशिंग्टन, मेसन यांनी आपापल्या विकत घेतल्या. आई एका खोलीत जाऊन बसली, दार लावून घेतलं आणि तिथून फक्त तिचा अंबाडा दिसत राहिला.

बाप्तिस्म्याचं दगडी कुंड मात्र न चुकता बघा. विल्यम कोपीन नावाच्या दगडफोड्याने १७७३ मध्ये घडवलेलं आहे. चर्च उजाड झालं तेव्हा ते नाहीसं झालं, आणि नंतर एका शेतकऱ्याच्या अंगणात सापडलं. तिथे जनावरं त्यात पाणी पीत होती. पुन्हा आणून बसवलं. काठावर हात फिरवलात तर झिजलेपणा कळतो.

आता उजाड का झालं ते सांगते. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातच चर्चसाठी कर घेणं थांबलं होतं, आणि १७८६ मध्ये व्हर्जिनियाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. इंग्लंडच्या राजाशी नातं तुटल्यामुळे इथलं चर्च एपिस्कोपल या नावाने वेगळं झालं, पण जुने पैसे, जुनी माणसं राहिली नाहीत. वॉशिंग्टनही १७८४ मध्ये व्हेस्ट्रीतून बाहेर पडला आणि पुढे अलेक्झांड्रियाच्या क्राइस्ट चर्चला जाऊ लागला. पोहिकला नेमलेला पाद्री नसे. अधूनमधून जे प्रवचन करून जायचे त्यांत मेसन लॉक वीम्स हे एक. नाव ओळखीचं नसेल, पण त्यांची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकलेली आहे. लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने वडिलांचं चेरीचं झाड तोडलं आणि "मी खोटं बोलू शकत नाही" म्हणून कबूल केलं, ती. १८०६ मध्ये वीम्स यांनी ती पहिल्यांदा छापली. इतिहासकार ती खरी मानत नाहीत. मला ती आमच्या बाईंनी तिसरीत सांगितली होती. ती रचणाऱ्या माणसाने याच मंचावरून प्रवचनं केली हे कळल्यावर मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

१८३७ मध्ये बिशप मीड आले तेव्हा दारं उघडी, छप्पर गळकं, आत कुणी नाही अशी अवस्था होती. वर्गणी काढून डागडुजी झाली. आणि मग आलं उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधलं यादवी युद्ध. तोच रस्ता, ज्याच्यामुळे वॉशिंग्टनने ही जागा निवडली, आता दोन्ही सैन्यांच्या वाटेत पडला. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या बाजूच्या दुसऱ्या मिशिगन रेजिमेंटचे सैनिक इथे पोहोचले आणि वॉशिंग्टनची आठवण म्हणून लाकूडकामाचे तुकडे काढून नेऊ लागले. त्यांच्यातल्याच एका अधिकाऱ्याने डायरीत हळहळून लिहिलं, की देवाची भीती आमच्या लोकांना नाही हे माहीत होतं, पण वॉशिंग्टनच्या आठवणीने तरी ही जागा वाचेल असं वाटलं होतं. पुढे घोडे आत बांधले, भिंतींवर नेम धरून गोळ्या झाडल्या. त्याच हिवाळ्यात उत्तरेच्या सैन्यासाठी बलूनमधून टेहळणी करणाऱ्या थॅडियस लो यांच्या पथकातला एक बलून इथून वर सोडून शत्रूच्या छावण्या बघितल्या जात. आम्ही दारात वाचलेली अक्षरं याच दिवसांतली.

म्हणजे आज आत जे लाकूडकाम दिसतं ते जवळपास सगळं नंतरचं. १८७४ च्या सुमाराला चर्च पुन्हा वापरण्याजोगं केलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, माउंट व्हर्ननचे व्यवस्थापक हॅरिसन डॉज यांच्या पुढाकाराने, मूळ रूप देण्याचं काम झालं. ते जमलं कारण व्हेस्ट्रीचं जुनं दप्तर टिकलं होतं. बाकं कशी, खिडक्या किती, वेदीमागे कुठला मजकूर, सगळं त्यात नोंदलेलं होतं. १९६९ मध्ये चर्चला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत जागा मिळाली.

काहींना हे ऐकून निराशा होते, की मग खरं काय उरलं? मला विचाराल तर बाहेरच्या विटा, दगडी चौकटी आणि कुंड हे खरं आहे, आणि त्यासाठी वाकडी वाट करण्यासारखं आहे.

आता जाणाऱ्यांसाठी. वॉशिंग्टन शहरातून गाडीने वाहतूक कमी असेल तर पाऊण तास. आंतरराज्य ९५ ने दक्षिणेला येऊन लॉर्टनला बाहेर पडा आणि रिचमंड हायवे पकडा. शुक्रवारी दुपारनंतर ९५ वर येऊ नका, तासन्‌तास अडकाल. अलेक्झांड्रियाकडून रिचमंड हायवेनेच येत असाल तर वाटेत फोर्ट बेल्व्होअर या लष्करी तळाचं मोठं गेट लागतं. फोनवरचा नकाशा कधी कधी तिकडे वळवतो. वळलात तर ओळखपत्रं दाखवत, परत फिरत बराच वेळ जाईल. पोहिक चर्चचा फलक दिसेपर्यंत सरळ या. वळण्याआधी लेन बदलायची घाई करू नका, इथे गाड्या वेगात असतात. चुकलं तर पुढच्या सिग्नलवरून फिरा. वाहनतळ चर्चच्या आवारातच, फुकट.

गाडी नसेल तर हंटिंग्टन मेट्रो स्टेशनवरून रिचमंड हायवेने लॉर्टनकडे येणारी फेअरफॅक्स कनेक्टरची बस आहे. आदल्या दिवशी वेळापत्रक तपासा, शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात. हायवे ओलांडायचा झाला तर सिग्नललाच ओलांडा. वयस्क माणसं बरोबर असतील तर मी बस सुचवणार नाही.

दफनभूमी मोठी आहे, अजून वापरात आहे. थडग्यांवर बसू नका, मुलांना पळू देऊ नका. काही जुने दगड आजूबाजूच्या उजाड झालेल्या मळ्यांतून आणून इथे लावले आहेत. आत टोपी काढा, फोटोआधी विचारा. बूट काढायची पद्धत नाही. आईने दारात चपला काढल्या होत्या, मार्गदर्शक बाईंनी स्वतः वाकून त्या आणून दिल्या.

एका दिवसात सकाळी माउंट व्हर्नन, दुपारी पोहिक आणि मग गन्स्टन हॉल असं जमतं. माउंट व्हर्ननचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, आणि तिथे तीन तास तरी द्या. गन्स्टन हॉल बहुतेक लोक टाळतात. टाळू नका, मेसनचं घर बघितल्याशिवाय वरची गोष्ट अर्धीच राहते. जेवणाची सोय चर्चजवळ नाही, डबा न्या किंवा लॉर्टनला खा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, आवाराबाहेर गाडीत बसून खाल्ली. वेळ उरला तर फेअरफॅक्स स्टेशनचं दुर्गा मंदिर गाडीने फार लांब नाही. आई-बाबांना संध्याकाळच्या आरतीला तिथे नेलं.

निघताना बाबा म्हणाले, जुनी जागा बघायचीय. चर्चसमोरूनच ओल्ड कोलचेस्टर रोड फुटतो. अरुंद, वळणांचा, दोन्ही बाजूंनी झाडं अंगावर आलेली. बाबांनी निघताना मैलांचा आकडा वहीत टिपला. क्रॅनफर्ड मेथडिस्ट चर्चजवळ थांबलो, ट्रुरो पॅरिशचं लाकडी चर्च इथे होतं. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात एक गाडी गेली. बाबांनी पुन्हा आकडा टिपला, वहीत दोन टिंबं काढली, त्यांच्यामध्ये रेघ ओढली आणि रेघेवर लिहिलं, "दोन मैल, किंचित कमी". मग वरच्या टिंबाला येऊन मिळणारे रस्ते काढले. खालच्या टिंबाला एकच निघाला.